आणायला गेलेली

पांढरकवड्याच्या पुढे मुख्य रस्ता सोडून आत वळलं की एका नाल्यावर डोह लागतो. काठावर करंजाचं झाड आहे आणि झाडाच्या बुडाशी ओळीनं मांडलेले सात दगड. वर्षानुवर्षं शेंदराचे थर चढून त्यांचे कोपरे गोल झाले आहेत. पुढ्यात हिरव्या बांगड्या, लाकडी फणी, खणाचा विटलेला तुकडा आणि तळहाताएवढा आरसा. त्या दिवशी आरशाच्या काचेवर शेंदराचं एक बोट उमटलेलं होतं. दगडांना शेंदूर लावून झाल्यावर कुणीतरी त्याच हातानं आरसा सरळ केला असणार. या साती आसरा. पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी. त्यांना नटायला आवडतं, म्हणून फणी आणि आरसा.

दगडांपासून थोड्या अंतरावर, पुलाच्या कठड्यावर बसून माझी भाची कादंबरी वाचत होती. इंग्रजी, जाडजूड. मुखपृष्ठावर विस्कटलेल्या केसांची एक मुलगी आणि तिच्यामागे निळसर रान. ही रानटी मुलगी कुणाचं ऐकत नाही, अनवाणी हिंडते, आणि एका रात्री गावाची सीमा ओलांडून पऱ्यांच्या राज्यात शिरते. या पऱ्यांच्या हातात चमचमती छडी नसते. त्या देखण्या असतात, मानी असतात, दिलेला शब्द मोडत नाहीत, आणि माणसाला मात्र त्याच्याच शब्दांत अडकवतात. भाचीनं पानात बोट ठेवून पुस्तक मिटलं आणि विचारलं, "मावशी, आपल्याकडे असं काही का नाही गं?"

सात बहिणी आमच्यापासून दहा पावलांवर बसल्या होत्या. तरी तिचा प्रश्न खरा होता. तिला देव नको होते, गोष्ट हवी होती. एक मुलगी, तिचं धाडस, तिची वाट. त्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यावं असं मला तेव्हापासून वाटत आलं आहे.

आसरांची नावं जुन्या ग्रंथांत मिळतात: मच्छी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, जतुपी, सोमपा आणि मकरी. मासळी, कासवीण, खेकडीण, बेडकी, मगर. नावांतूनच पाणी निथळतं. डोहावर धुणं धुणाऱ्या बायका मात्र ही नावं घेत नाहीत. त्या नुसतं 'आसरा' म्हणतात, आणि तेही जरा आवाज उतरवून. माझी आजीही तसंच म्हणायची. तिच्याकडे त्यांच्याविषयी गोष्टींहून नियमच जास्त होते. "दिवेलागनीले डोहावर जाऊ नोको. केस मोकये सोडून तं बिलकुलच नोको. कोनी नाव घेऊन बलावलं तं पह्यल्या हाकेले ओ देऊ नोको. अन् निंगाली का मांगं वयून पाहू नोको." हे सांगताना ती भीती घालत नसे. परक्या घरी पाहुणी जाणाऱ्या पोरीला तिथली रीत समजावून द्यावी, तसा तिचा स्वर असायचा.

आजीनं स्कॉटलंडचं नाव ऐकलं असण्याची शक्यता नाही. पण तिचे नियम तिथल्या कुठल्याही म्हातारीनं मान डोलावून ऐकले असते. पऱ्यांच्या हाकेला ओ द्यायची नाही, त्यांच्या घरचं खायचं-प्यायचं नाही, त्यांना लोखंड सोसत नाही, या समजुती तिथं पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या. आमच्याकडे बाळंतिणीच्या उशाशी विळा ठेवतात. पाळण्याखाली सुरी ठेवतात. लोखंडाच्या धारेपाशी येऊन त्या जगाची सत्ता संपते, यावर दोन्हीकडच्या बायकांचं एकमत आहे. हे एकमत त्यांनी कधी आणि कुठे बसून केलं असेल, या विचारात माझ्या कित्येक दुपारी गेल्या आहेत.

त्याच स्कॉटलंडात टॅम लिनची गाथा गातात. 1549 सालच्या एका स्कॉट पुस्तकात या कथेचा उल्लेख आहे, आणि 1796 मध्ये कवी रॉबर्ट बर्न्सनं तिचं एक रूप छापायला दिलं. नाव टॅम लिनचं असलं तरी गोष्ट जॅनेटची आहे. कार्टरहॉच्या रानात मुलींनी जायचं नाही असा दंडक असतो. ही घागरा गुडघ्यावर खोचते आणि जाते. तिथं तिला पऱ्यांच्या राणीनं धरून ठेवलेला माणूस भेटतो. त्याला सोडवायची वाट एकच. ठरल्या रात्री पऱ्यांची स्वारी निघेल, तेव्हा त्याला घोड्यावरून खाली ओढायचं आणि काहीही झालं तरी मिठी सोडायची नाही. मग तो तिच्या हातात साप होतो, अस्वल होतो, सिंह होतो, लालभडक लोखंड होतो. जॅनेट सोडत नाही. अखेर जळत्या निखाऱ्याला ती पाण्यात टाकते आणि पाण्यातून माणूस वर येतो. भाचीच्या कादंबरीतली अनवाणी मुलगी या जॅनेटच्याच वंशातली. आज जगभर वाचल्या जाणाऱ्या अशा कित्येक कादंबऱ्यांची ती पणजी आहे.

जॅनेटच्या हातात तलवार नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. तिच्याजवळ फक्त पकड आहे. तिला पऱ्यांचं राज्य जिंकायचं नाही आणि तिथं राहायचंही नाही. ती एका माणसाला आणायला गेली आहे.

आजीची एकमेव लांब गोष्ट अशीच होती. लग्नाच्या हळदीत एका मुलीची थोरली बहीण डोहावर जाते आणि परत येत नाही. घरचे रडतात, बारावं-तेरावं उरकतात. धाकटी मात्र पदराला विळा बांधते, पळसाच्या पानात भाकर घेते आणि पाण्यात उतरते. खाली वाडा, दिवे, सात जणी. थोरली त्यांच्यात बसून वेणी घालून घेते आहे आणि तिला घर आठवत नाही. धाकटीला ताट वाढतात. ती म्हणते, माझी भाकर आहे. साडी देतात, ती म्हणते, माझं लुगडं आहे. "मंग काय मांगतं?" असं सात जणी विचारतात, आणि इथं आजी थांबायची. चूल पेटवायची असे, नाहीतर दळण आणायचं असे. धाकटीनं काय मागितलं असेल, हे मी अजून स्वतःशी जुळवत असते.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात गोष्टी सांगणं हा काहींचा वंशपरंपरेचा मान आहे. गोंडांच्या देवांच्या कथा परधान सांगतात, किंगरी वाजवत, रात्रभर. स्टीफन हिस्लॉप हा नागपुरात राहिलेला मिशनरी, तोही स्कॉटलंडचाच. त्यानं परधानाच्या तोंडून लिंगोची गाथा उतरवून घेतली. 1863 च्या सप्टेंबरात बोरीजवळ पुराच्या पाण्यात तो बुडाला. त्याचे कागद रिचर्ड टेंपलनं 1866 मध्ये छापले. त्या गाथेत महादेवानं गुहेत कोंडलेल्या गोंडांना सोडवायला लिंगो निघतो. त्यासाठी त्याला बिंदो पक्ष्याची पिल्लं आणायची असतात. ती पिल्लं खाणारा समुद्रातला भौरनाग तो मारतो आणि कृतज्ञ पक्षीण त्याला पंखांवर घेऊन येते. अद्भुत कादंबरीला याहून अधिक काय लागतं?

पण यवतमाळात आणि पैनगंगेपलीकडे गोंड माणूस 'जय सेवा' म्हणाल्यावर लिंगोच्या जोडीनं आणखी एक नाव घेतो, जंगोचं. जंगो रायताड, जंगूबाई. सांगणाऱ्यागणिक तिची कथा बदलते, तरी गाभा टिकून आहे. कली कंकाली नावाच्या आईची मुलं टाकली जातात, गुहेत कोंडली जातात. त्या मुलांना आईपण देणारी ती जंगो. गुहेचं दार लिंगो उघडतो. त्याच्या साथीला असलेला वादक हिरासुका पाटालीर दार उघडताना प्राण गमावतो. गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यातल्या कचारगडाच्या गुहेपाशी माघ पौर्णिमेला जत्रा भरते आणि दूरदूरचे गोंड तिथं येतात. जंगूबाईची स्वतःची गुहा महाराष्ट्र आणि तेलंगणाच्या सीमेवरच्या डोंगरात आहे. पौष महिन्यात माणसं दिवे घेऊन तिच्यात आत जातात. मला या कथेत गुहेच्या दाराइतकीच त्याच्या अलीकडची आणि पलीकडची काळजी दिसते. कुणी टाकलेलं, कुणी कोंडलेलं, ते आपलं म्हणून उचलायचं. जंगोचा रानटीपणा असला तर तो हाच. देवांनी केलेला निवाडा तिनं अखेरचा मानला नाही.

आदिलाबादच्या राजगोंडांमध्ये राहून क्रिस्टॉफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यानं त्यांच्या चालीरीती लिहून ठेवल्या. ते पुस्तक 1948 चं. त्यात दिवाळीतल्या दंडारी नाचाचं आणि त्यातल्या गुसाडीचं वर्णन आहे, आणि पैनगंगेच्या अलीकडे, केळापूर-झरी भागातही गुसाडी नाचतो. डोक्यावर मोरपिसांचा मोठा टोप, अंगाला राख, खांद्यावर कातडं, हातात सोटा. रोज शेतात राबणारा माणूस टोप चढवल्यावर त्या दिवसांपुरता माणूस राहत नाही. तो आंघोळ करत नाही. लोक त्याच्याकडे देवाचा संचार झालेला म्हणून पाहतात. गावोगाव फिरून, थट्टामस्करी करून, नाचून तो दिवाळी संपता संपता टोप उतरवतो आणि कापूस वेचायला जातो. दुसऱ्या जगात जायचं आणि वेळेवर परत यायचं, याचा हा सराव दरवर्षी आमच्या जिल्ह्यात होतो. टोप हालतो तेव्हा पिसांची सळसळ ढोलाखालूनही ऐकू येते, इतक्या जवळून मी तो पाहिला आहे. टोपाखाली घामानं निथळणारा चेहरा असतो आणि डोळे कुठेतरी दूर लागलेले असतात.

रानाविषयी हळवं व्हायची चैन इथल्या माणसाला परवडत नाही, हेही सांगितलं पाहिजे. 2018 चं ते वर्ष राळेगाव-पांढरकवडा भागात कुणी विसरणार नाही. साधारण दोन वर्षांत तेरा माणसांचे बळी अवनी नावानं देशभर गाजलेल्या वाघिणीच्या नावावर लागले होते. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बोराटीच्या जंगलात ती मारली गेली. मागे तिचे दोन बछडे होते. शहरांत तिच्यासाठी मेणबत्त्या लागल्या, गावांत लोकांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि दोन्हीकडची माणसं खरी होती. तो कापूस वेचणीचा हंगाम. कमरेला ओटी बांधून वाकलेल्या बाईला पाठीमागे पाहता येत नाही. वेचणीच्या पहिल्या दिवशी बायका शेतात सीतादही करतात. पऱ्हाटीपाशी दही-भात वाहतात, चारी दिशांना शिंपडतात आणि मग बोंडाला हात लावतात. त्या वर्षीही केलं असेल. भीती होती आणि तरी आधी देणं दिलं, मग घेतलं. पऱ्यांच्या गोष्टींतला सगळ्यात जुना कायदा हाच आहे, आणि तो इथं पुस्तकाशिवाय पाळला जातो.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी, जानेवारी 2019 मध्ये, यवतमाळला 92 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष अरुणा ढेरे. लोककथा, देवता आणि बायकांची गाणी यांचा ज्यांनी आयुष्यभर मागोवा घेतला त्या. उद्घाटन एका शेतकरी विधवेच्या हस्ते झालं. ज्या जिल्ह्याचं नाव वर्तमानपत्रात आत्महत्यांच्या बातमीखेरीज क्वचित येतं, तिथली एक बाई त्या व्यासपीठावर उभी राहिली आणि बोलली. तिचं बोलणं ऐकताना मला वाटलं, मराठी कादंबरीला हवी असलेली नायिका या मातीत पिढ्यान्‌पिढ्या जगते आहे. तिला अजून अद्भुताचं दार तेवढं मिळालेलं नाही.

आणि गंमत अशी की ते दार मराठी कादंबरीनं अगदी सुरुवातीलाच उघडलं होतं. पहिली मानली जाते ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन', 1857 ची. वास्तवाचा विस्तव हातात घेणारी, पण तिच्या नावातच एका बाईचा प्रवास आहे. मग आल्या अद्भुतरम्य कादंबऱ्या. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' 1861 मध्ये, नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' 1868 मध्ये. दोन्ही नावं नायिकांची. मात्र शीर्षक मिळालं तरी धाडस त्यांच्या वाट्याला थोडंच आलं. सद्गुण, संकटं आणि सोसणं तेवढं भरपूर. पुढे हरिभाऊ आपट्यांनी घरातल्या बाईचं दुःख इतक्या खरेपणानं लिहिलं की त्यापुढे राजकन्या आणि विमानं पोरकट वाटू लागली. ते होणं गरजेचं होतं. त्यांच्या नायिकेची, यमूची, हकिगत मराठीला कळायलाच हवी होती. पण त्या वळणावर अद्भुत मुलांच्या मासिकांकडे गेलं, आणि मोठ्या मुली-बायकांसाठी ते लिहायचं जणू राहूनच गेलं. वास्तवानं बाईला बोलायला लावलं. अद्भुतानं तिला जायला लावलं असतं.

गेलेली एक बाई मात्र मला माहीत आहे, आणि ती कादंबरीतली नाही. दुर्गा भागवत तरुणपणी अभ्यासासाठी मध्य प्रदेशातल्या गोंडांच्या रानात हिंडल्या. तिथं विषारी कंद खाण्यात आला आणि त्यांची उमेदीची कैक वर्षं अंथरुणात गेली. पऱ्यांच्या राज्यातलं अन्न खाल्ल्यावर परत येता येत नाही असं म्हणतात. त्या आल्या. येताना लोककथा, वाघांच्या नि झाडांच्या हकिगती, आणि ऋतूंकडे पाहण्याची एक नजर घेऊन आल्या. पुढे 1975 मध्ये कराडच्या संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्या आणीबाणीविरुद्ध निर्भयपणे बोलल्या आणि तुरुंगात गेल्या. त्यांचं ते न डगमगणं मला नेहमी रानातल्या त्या दिवसांशी जोडलेलं वाटतं. एकदा तिथून परत आलेल्या माणसाला सत्तेची भीती किती वाटणार?

म्हणून भाचीला मी आता असं सांगेन. आपल्याकडे असं आहे, पण ते सुटं सुटं पडलं आहे. डोहाच्या तळाशी सात बहिणींचा वाडा आहे. टिपेश्वरच्या रानाला आपलं नाव देणारी टिपाई देवी आहे. कोलामांच्या पोडावर, गावच्या चावडीपाशी, रानातल्या देवांशी कसं बोलावं हे जाणणारी माणसं आहेत. त्यासाठी गोंडही कोलाम पुजाऱ्याला बोलावत आले आहेत. गुहेत कोंडलेली मुलं आहेत आणि त्यांना आपलं म्हणणारी जंगो आहे. विळा पदराला बांधून पाण्यात उतरलेली धाकटी बहीण आहे. हे सगळं एका मुलीच्या वाटेवर आणून ठेवणारी कादंबरी तेवढी नाही. आणि ती मुलगी घर सोडून पळालेली नसेल, कुणालातरी आणायला निघालेली असेल. माझ्या मते रानटी नायिकेची खरी ओळख तीच आहे. केस विस्कटणं सोपं आहे. ज्याला सगळ्यांनी गेलेलं धरलं, त्याचा हात न सोडणं अवघड.

अशी कादंबरी पुण्या-मुंबईत बसून लिहिता येईलही, पण ती मारेगावच्या, झरीच्या, घाटंजीच्या मुलीनं लिहावी असं मला मनापासून वाटतं. गोंडी, कोलामी, गोरमाटी किंवा वऱ्हाडी जिच्या घरात बोलली जाते तिनं. पऱ्यांना पंख लावायची गरज नाही, नावं उसनी आणायची गरज नाही. डोहाचं नाव डोहाचंच राहू दे. या कथा काहींसाठी आजही श्रद्धेच्या आहेत, तेव्हा ज्यांच्या त्या आहेत त्यांना विचारून, त्यांचा मान ठेवून लिहावं. आधी द्यावं, मग घ्यावं.

घाई मात्र करायला हवी. किंगरीवर रात्रभर सांगू शकणारे परधान आता म्हातारे झाले आहेत, आणि माझ्या आजीसारख्या कितीतरी जणी गोष्ट अर्ध्यावर सोडून चुलीकडे गेल्या त्या गेल्याच. तुमच्या घरात अशी कुणी असेल तर या दिवाळीत तिच्याजवळ बसा. चूल तुम्ही पेटवा, दळण तुम्ही आणा, आणि तिला पुढचं सांगू द्या.